नवरा-बायकोच्या भागीदारीतलं वर्कशॉप: घटस्फोटात किंमत कशी लावायची, वाटा कसा काढायचा

प्रश्न: ऐरोलीत संसार केलेल्या आणि दीड वर्षापासून कळव्याला माहेरी राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. लग्नाला १४ वर्षं झाली. रबाळे एमआयडीसीत सीएनसी जॉबवर्कचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून द्यायचं) वर्कशॉप आहे, चार मशीन, चौदा कामगार. फर्म भागीदारीची, नवरा ६० टक्के, ताई ४० टक्के. बिलं, जीएसटी, पगार, बँक हे सगळं त्यांनीच सांभाळलं. पहिलं मशीन घेताना त्यांचे दागिने मोडले. गाळा सासऱ्यांच्या नावावर. आता संमतीने घटस्फोटाची बोलणी चालू आहेत. नवरा म्हणतो, "ताळेबंदात भांडवल १८ लाख दिसतंय, तुझे ४० टक्के म्हणजे ७ लाख २० हजार घे आणि निवृत्तीच्या कागदावर सही कर." भाऊ म्हणतो, "उलाढाल १ कोटी ९० लाखांची आहे, बायकोचा अर्धा वाटा असतो, ९५ लाखांच्या खाली यायचं नाही." खरं काय धरायचं?

उत्तर:

ताई, दोन्ही आकडे बाजूला ठेवा आणि तूर्त कशावरही सही करू नका. मी सनदी लेखापाल आहे, धंद्यांचं मूल्यांकन करते, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या अशा नवरा-बायकोच्या फर्मा माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेक घरांत भांडण किमतीवरून पेटलेलं असतं. कोणाचा हक्क कशावर आहे हे मात्र कोणी तपासलेलंच नसतं. म्हणून सुरुवात तिथून.

भावाचा "बायकोचा अर्धा" हा नियम आपल्याकडे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्नानंतर कमावलेली मिळकत अर्धी-अर्धी वाटण्याचं कलम नाही. कलम २७ आहे, पण ते लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. कलम २५ मध्ये कायमची पोटगी आहे, एकरकमी किंवा दरमहा. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता चालते, तिथे पती-पत्नीची मिळकत सामाईक धरतात. तिकडचं ऐकून इथे बरेच जण अर्ध्याची आशा धरून बसतात. नवऱ्याचा एकट्याचा मालकीचा धंदा असता, तर त्या धंद्यात तुमचा वाटा नसता. त्याची कमाई दाखवून पोटगी मागावी लागली असती. तुमचं तसं नाही. तुम्ही भागीदार आहात. तुमचा हक्क भागीदारी करारातून आणि १९३२ च्या भागीदारी कायद्यातून येतो, बायको असण्यातून नव्हे. नवरा कोर्टात कितीही म्हणाला की "ती फक्त नावाला होती", तरी लेखी करार, बँकेतल्या सह्या आणि तुमच्या विवरणपत्रात दरवर्षी दिसणारा फर्मचा नफा हे सगळं त्याच्या विरोधात बोलतं.

तेव्हा तीन खाती वेगळी मांडा: फर्ममधला वाटा, स्त्रीधन (तुमचे दागिने वगैरे) आणि पोटगी. समेटाच्या बैठकीत "सगळं मिळून इतके" असा एक गोल आकडा टेबलावर येतो तेव्हा या तिघांपैकी एक हमखास गिळलं जातं, आणि बहुतेक वेळा ते स्त्रीधन असतं.

आता ताळेबंदातले १८ लाख. हा आकडा खोटा नाही, पण तो धंद्याची किंमत सांगायला बनवलेलाच नाही. मशीनवर प्राप्तिकराच्या हिशेबाने दरवर्षी १५ टक्के घसारा उतरत्या किमतीवर जातो. आठ वर्षांपूर्वी २८ लाखांना घेतलेलं व्हीएमसी (सीएनसी मशीनचाच एक प्रकार) आज वहीत साधारण ७ लाख ६० हजारांवर आलेलं असतं. तेच मशीन, स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) नीट असेल आणि कंट्रोलर चालू पिढीतला असेल, तर जुन्या मशीनचा व्यापारी त्याच्या दुपटीच्या आसपास भाव देईल. उलट बाजूने पाहिलं तर वहीत पूर्ण दिसणारी काही येणी प्रत्यक्षात बुडालेली असतात.

तुम्ही पाठवलेल्या ताळेबंदावरून मी ढोबळ मांडणी केली आहे. वहीत मशीन २२ लाख, येणी ४६ लाख, माल आणि टूलिंग ४ लाख, एकूण ७२. देणी अशी: सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट) २४, मुदत कर्ज १३, पुरवठादार आणि इतर १७, एकूण ५४. म्हणून भांडवल १८. आता खऱ्या किमती घाला. चारही मशीनचे बाजारभाव तुम्ही चौकशी करून कळवलेत त्यानुसार ५२ लाख धरते. येण्यांपैकी ९ लाख बंद पडलेल्या कंपनीकडे वर्षाहून जास्त अडकलेत, ते सोडते; राहिले ३७. माल ४. एकूण ९३. देण्यांत ग्रॅच्युइटीचे ३ लाख घालते. कामगार दहा किंवा त्याहून जास्त असले की ती लागू होते, आणि छोट्या फर्मा ती वहीत घेतच नाहीत. देणी ५७ झाली. निव्वळ मालमत्ता ३६ लाख, म्हणजे वहीच्या दुप्पट.

मशीनचा भाव मी इथे तुमच्या शब्दावर धरला आहे. कोर्टात उलटतपासणीला टिकायला हवा असेल तर तो यंत्रसामग्रीच्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून लेखी घ्या. जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि समभाग-वित्तीय मालमत्ता असे त्यांचे तीन वेगळे वर्ग आहेत. एका वर्गाच्या माणसाने दुसऱ्या वर्गाचं मत दिलं की समोरचा वकील तिथेच पकडतो.

दुसरी पद्धत कमाईवरून. इथे वहीतला नफा जसाच्या तसा घ्यायचा नसतो, तो आधी सरळ करायचा असतो. माझ्या मते या कामाचा खरा कस इथेच लागतो, म्हणून एकेक ओळ सांगते. भागीदारांचा पगार वजा करण्याआधी तुमचा गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा ३१ लाख आहे. त्यात घरच्या गाडीचे हप्ते, फ्लॅटचं वीजबिल आणि कुटुंबाची सहल धंद्याच्या खर्चात टाकलेली आहे, वर्षाला सुमारे ४ लाख. हा धंद्याचा खर्च नाही, तो परत मिळवायचा. जुनं मशीन विकून एकदाच आलेला नफा, वर्षाच्या सरासरीने २ लाख, तो वजा. गाळ्याचं भाडं सासऱ्यांना महिना १५ हजार जातं. तिथे बाहेरच्याला ५५ हजार मोजावे लागतील असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे सासऱ्यांच्या कृपेने नफा वर्षाला ४ लाख ८० हजारांनी फुगलाय, तो वजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेहनतीचा मोबदला. प्रोग्रॅमिंग, गिऱ्हाईक आणि शॉप सांभाळणारा माणूस पगारी ठेवला तर महिना लाखाच्या खाली मिळणार नाही: वर्षाचे १२ लाख वजा. तुमच्या कामासाठी अनुभवी अकाउंटंट ठेवला तर ३५ हजार, वर्षाचे ४ लाख २० हजार, तेही वजा. उरले बरोबर १२ लाख. फर्मचा कर ३१.२ टक्के काढून साधारण ८ लाख २६ हजार.

तुमचं काम वजा करताना तुम्हाला वाईट वाटेल, पण तिथे थांबा आणि नीट पाहा. त्या ४ लाख २० हजारांची ओळ अहवालात लिहिली जाते, म्हणजे ते काम होतं आणि त्याची किंमत होती हे कागदावर येतं. "ती घरीच असायची, अधूनमधून बिलं बनवायची" या वाक्याला याहून चांगलं उत्तर नाही. तुम्ही पगार म्हणून एक रुपया उचलला नसेल, तर थकलेल्या मोबदल्याची मागणी करता येते का हे करारातलं पगाराचं कलम वाचून ठरेल. ते कलम नसेल तर भागीदारी कायदा आपणहून मोबदला देत नाही.

या ८ लाख २६ हजारांवरून किंमत काढायला परताव्याचा दर लागतो. तुमचं साठ टक्के काम एकाच गिऱ्हाइकाकडून येतं, म्हणून मी २० टक्के धरते. किंमत ४१ लाख ३० हजार येते. १८ टक्के धरला तर जवळपास ४६ लाख, २५ टक्के धरला तर ३३ लाख. नवऱ्याचा मूल्यांकक २५ धरेल, तुमचा १८ धरेल. तेव्हा कोणाचा अहवाल जाड आहे यापेक्षा दरामागचं कारण काय दिलंय ते वाचा. आणि कमाईवरची किंमत निव्वळ मालमत्तेच्या खाली आली, तर मालमत्तेची ३६ लाखांची किंमत तळ म्हणून धरावी, कारण धंदा बंद करून मशीन विकली तरी तेवढे हाती येण्यासारखे आहेत. बाजारातल्या तशाच धंद्यांच्या विक्रीवरून किंमत लावायची तिसरी पद्धत असते. रबाळ्याच्या जॉबवर्क शॉपला तसे भरवशाचे सौदे उघड मिळत नाहीत. ती सोडून द्या.

म्हणजे धंदा ३६ ते ४१ लाखांचा. गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत, म्हणून वर जे पाच लाख दिसतात त्यातलं बरंचसं नवऱ्याच्या त्या एका गिऱ्हाइकाशी असलेल्या ओळखीत आहे. काही वकील गुडविलवर मोठे आकडे लावायला सांगतात. तुमच्या धंद्यात मला ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर बोलणी ताणून तुमचं वर्ष जाईल.

आता वाटा. नवरा १८ लाखांचे ४० टक्के करतो, तुम्ही कदाचित ३६ चे ४० टक्के कराल. दोन्ही चुकेल, कारण ४० टक्के हे नफा-तोट्याचं प्रमाण आहे, भांडवलाचं नव्हे. भागीदारी कायद्याच्या कलम ४८ मधला क्रम असा: आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी दिलेली कर्जं, मग ज्याचं त्याचं भांडवल, आणि त्यानंतर उरेल ते नफ्याच्या प्रमाणात. तुमच्या भांडवल खात्यात ५ लाख आहेत, नवऱ्याच्या १३ लाख. किंमत ३६ धरली तर वरचे १८ लाख वाटायचे, तुमचे ७ लाख २० हजार. भांडवल धरून १२ लाख २० हजार. किंमत ४१ लाख ३० हजार धरली तर तुमचे १४ लाख ३० हजारांच्या आसपास. बोलणी या दोन आकड्यांच्या मध्ये व्हायला हवीत. "अल्प हिस्सा आहे, बाहेर कोणी घेणार नाही" म्हणून वीस-तीस टक्के सूट मागितली जाईल. ती देऊ नका. हिस्सा बाहेर विकला जात नाहीये, चालवणारा भागीदारच तो घेतोय आणि त्याला पूर्ण धंदा मिळतोय.

मात्र ते ५ आणि १३ लाख तसेच मान्य करण्याआधी पहिल्या वर्षाचं खातं उघडा. दागिने मोडून आलेले पैसे कोणाच्या नावे जमा झाले? सोनाराची मोड पावती, त्या आठवड्यातली बँकेची स्लिप आणि फर्मच्या पासबुकातली जमा या तीन कागदांची तारीख जुळली की गोष्ट पुरी होते. अशा रकमा नवऱ्याच्या भांडवलात किंवा सासूबाईंचं बिनतारण कर्ज म्हणून टाकलेल्या मी बऱ्याचदा पाहते. तसं असेल तर भांडवल खातीच दुरुस्त करून मागा. स्त्रीधन ही पत्नीची एकटीची मालमत्ता, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. ते धंद्यात गेलं म्हणून नवऱ्याचं होत नाही.

गाळ्यावर तुमचा हक्क नाही. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने असतो, पट्टा सासऱ्यांच्या नावे आहे, आणि नाव बदलायला एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क लागतं. फक्त एक पाहा: पोटमाळा, शेड किंवा वीजभार वाढवण्याचा खर्च फर्मने केला असेल, तर तो फर्मचं येणं किंवा मालमत्ता म्हणून हिशेबात आला पाहिजे.

तुम्ही लिहिलंय की घर सोडल्यापासून नवरा "धंदा बसला" म्हणतो आणि गेल्या वर्षाची उलाढाल तीस टक्क्यांनी कमी दिसते. मंदी खरीही असू शकते, तेव्हा आरोप करण्याआधी तपासा. सीएनसी शॉपमध्ये सगळ्यात प्रामाणिक कागद महावितरणचं बिल असतं. स्पिंडल फिरल्याशिवाय जॉब होत नाही आणि स्पिंडल फिरला की युनिट पडतात. मागच्या तीन वर्षांचे महिनावार युनिट एका रकान्यात, जीएसटी विवरणपत्रातली जॉबवर्कची रक्कम शेजारी, आणि इन्सर्टची (झिजली की बदलायची कटिंगची पाती) खरेदी तिसऱ्या रकान्यात मांडा. बिलिंग तीस टक्के उतरलं आणि युनिट, इन्सर्ट जागच्या जागी राहिले, तर काम होतंय पण बिल दुसऱ्या नावाने फाटतंय. मग दिराच्या किंवा मित्राच्या नावे नवी फर्म निघाली आहे का पाहा; जीएसटीच्या संकेतस्थळावर नोंदणी आणि पत्ता कोणालाही शोधता येतो. फर्मच्या २६एएस मध्ये (प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरचं कर कपातीचं पत्रक) कोणत्या गिऱ्हाइकाने किती टीडीएस कापला ते दिसतं, त्यावरून कोण गेलं आणि कोण राहिलं हे कळतं. असं काही निघालं, तर मूल्यांकनाची तारीख तुम्ही घर सोडण्याआधीच्या ३१ मार्चची धरावी असा आग्रह धरा. कायद्यात तारीख ठरवून दिलेली नाही, ती दोघांनी मान्य करायची किंवा कोर्टासमोर पटवायची असते.

हे कागद मिळवायला कोर्टाची वाट पाहायची गरज नाही. भागीदार म्हणून फर्मच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क भागीदारी कायद्याचं कलम १२ देतं. फर्मच्या पत्त्यावर लेखी मागणी पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. याखेरीज पोटगीचा अर्ज झाला तर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश विरुद्ध नेहा खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० ला त्याचा नमुनाच घालून दिला आहे आणि ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयातही तेच भरून द्यावं लागतं.

एक गोष्ट जपून. रोखीची कच्ची बिलं बाहेर काढून "खरा धंदा दुप्पट आहे" असं सिद्ध करायचा मोह होईल. त्या वर्षांत तुम्हीही भागीदार होता आणि फर्मची विवरणपत्रं तुमच्या हातून गेली आहेत. कर बुडवल्याचा ठपका दोघांवर येईल. आधी फौजदारी आणि कर दोन्ही समजणाऱ्या वकिलाशी बोला, मगच शपथेवर काही लिहा.

पोटगीचं खातं वेगळं म्हणाले, त्याचं कारण तोच पैसा दोनदा मोजला जाऊ नये. तुमच्या ४० टक्क्यांचा नफा तुम्ही किंमत घेऊन सोडणार आहात. तो पुन्हा नवऱ्याचं उत्पन्न म्हणून पोटगीत आणलात तर समोरचा वकील बरोबर अडवेल. पण त्याचा १२ लाखांचा मोबदला आणि त्याच्या ६० टक्क्यांचा नफा हे त्याचं उत्पन्नच आहे, पोटगी त्यावर मागा. करारातही दोन्ही रकमा दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहा. एकरकमी पोटगी ही भांडवली जमा आणि दरमहाची पोटगी उत्पन्न, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. फर्ममधल्या वाट्याचा कर निराळा. भांडवल खात्यापेक्षा जास्त रक्कम फर्मने निवृत्त भागीदाराला दिली, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर फर्मवर कर बसू शकतो. तो बोजा कोणी सोसायचा हे आधी ठरवलं नाही, तर नवरा तो तुमच्या रकमेतून कापेल.

"निवृत्तीच्या कागदावर सही" या शब्दांत आणखी एक अडचण दडली आहे. तुमच्या फर्ममध्ये दोनच भागीदार आहेत. एक गेला की भागीदारीच संपते, धंदा एकट्याच्या मालकीचा होतो. फर्मचा पॅन जाऊन नवऱ्याचा स्वतःचा पॅन, नवी जीएसटी नोंदणी, जीएसटी क्रेडिटचं हस्तांतरण, गिऱ्हाइकाकडचा व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंदणी क्रमांक), सगळं नव्याने. नवऱ्याला फर्म चालू ठेवायची असेल तर तुमच्या आधी तिसरा भागीदार आत यावा लागेल, आणि त्याला तुमची संमती लागते. बोलणीत तुमच्याकडे असलेली ही खरी ताकद आहे. ती भांडायला वापरू नका, हप्त्यांना तारण मिळवायला वापरा. कारण ऐरोलीतला फ्लॅट त्याचा आहे, पण बारा-चौदा लाख रोख त्याच्याकडे नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. तो हप्ते मागेल. निम्म्याहून जास्त रक्कम संमतीच्या अर्जाच्या दुसऱ्या मोशनआधी (दोघांनी कोर्टासमोर संमती पुन्हा सांगायची शेवटची पायरी) घ्या आणि उरलेल्या हप्त्यांसाठी त्या फ्लॅटवर बोजा चढवून घ्या. करार होऊनही हिशेब न चुकवता तो धंदा चालवत राहिला, तर भागीदारी कायद्याच्या कलम ३७ नुसार तुमच्या वाट्यावरचा नफा किंवा सालाना ६ टक्के व्याज, यातलं एक निवडण्याचा हक्क तुमचा आहे.

फर्म नोंदलेली नाही म्हणून दावाच चालणार नाही असं कोणी सांगितलं, तर घाबरू नका. विसर्जन आणि हिशेबाच्या दाव्यावरही बंदी घालणारी महाराष्ट्राची १९८४ ची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केली आहे. करारात लवादाचं कलम आहे का तेवढं मात्र वकिलाला दाखवा.

शेवटी बँक. २४ लाखांच्या सीसीवर आणि १३ लाखांच्या कर्जावर तुमची सही आहे, आणि भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. नवऱ्याने करारात "यापुढची सर्व देणी माझी" लिहून दिलं तरी बँकेला ते बांधील नाही. बँकेकडून तुमच्या नावाचं मुक्ततापत्र घ्या. ती नवा जामीनदार मागेल, तो आणणं नवऱ्याचं काम. फर्म नोंदलेली असेल तर तुम्ही बाहेर पडल्याची सूचना फर्म निबंधकाकडे, शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात गेली पाहिजे. ती गेली नाही तर पुढच्या वर्षी नवऱ्याने उधारीवर घेतलेल्या मालासाठीही पुरवठादार तुमच्यामागे लागू शकतो. छापून आलेला अंक आणि बँकेचं पत्र, दोन्ही हातात पडेपर्यंत दुसऱ्या मोशनची तारीख घेऊ नका.